कष्ट आणि व्यायाम : श्रमाच्या मोजमापाचा इतिहास

धडगावला शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात मी 'हृदय आणि व्यायाम' या विषयावर बोलत होतो. फळ्यावर एक वाक्य लिहिले होते : 'प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा.' मागच्या बाकावरचे एक गुरुजी उठून उभे राहिले. म्हणाले, "सर, आमच्या पाड्यावरची बाई पहाटे टेकडी उतरते, झऱ्यावरून हंडा-कळशी भरून पुन्हा वर चढते. मग सरपण, मग शेत, संध्याकाळी पुन्हा पाणी. तुमची दीडशे मिनिटं तिची सोमवारीच भरतात. मग ती चाळिशीतच म्हातारी का दिसते?"

वर्गात हशा पिकला. मी "आहार कमी पडतो" असे काहीतरी उत्तर देऊन पुढे सरकलो. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते, आणि ते गुरुजींच्याही लक्षात आले असावे. परतीच्या वाटेवर तो प्रश्न डोक्यातून जाईना. शारीरिक श्रम आरोग्याला हितकारक असतील, तर सर्वाधिक श्रम करणारी माणसे सर्वाधिक निरोगी का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर श्रम मोजायला माणूस कधी आणि कसा शिकला, हे पाहावे लागते. म्हणून हा थोडा इतिहास.

पहिले मोजमाप

श्रमाचा मापदंड म्हणून प्राणवायूचा वापर प्रथम केला तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए याने. १७८९-९० च्या सुमारास त्याने आपला सहकारी सेगँ याच्यावरच प्रयोग केले. सेगँच्या तोंडावर मुखवटा बसवलेला असे आणि तो पायाने वजन उचलण्याचे काम करी. काम करताना तो किती प्राणवायू वापरतो आणि त्याची नाडी किती वेगाने चालते, याची नोंद होई. उपाशीपोटी स्वस्थ बसलेल्या सेगँला जेवढा प्राणवायू लागे, त्याच्या अडीच पटींहून अधिक तो काम करताना लागत असे. श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे आणि श्रम वाढले की ते ज्वलन वाढते, हे या प्रयोगांतून दिसले.

लाव्हाझिए तेवढ्यावर थांबला नाही. त्याच काळात सादर केलेल्या निबंधात त्याने एक अडचणीचा प्रश्न मांडला. श्रमजीवी गरीब माणूस श्रीमंतापेक्षा शरीरातले इंधन जास्त जाळतो. मग ज्याला जास्त भरून काढायचे आहे त्याच्याच ताटात कमी का, आणि ज्याला फारसे श्रम नाहीत त्याच्याकडे विपुलता का? १७९४ मध्ये लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. पण पहिल्याच मोजमापाबरोबर जमाखर्चाचा प्रश्नही जन्माला आला होता, ही गोष्ट पुढे बराच काळ विस्मरणात गेली.

प्रत्येकाची मर्यादा वेगळी

पुढचा मोठा टप्पा १९२० नंतरचा. मँचेस्टरला आर्चिबाल्ड हिल आणि त्याचा सहकारी लप्टन हे गवताच्या गोल धावपट्टीवर पाठीला कापडी पिशवी बांधून धावत आणि उच्छ्वासाची हवा त्या पिशवीत गोळा करीत. धावण्याचा वेग वाढवत नेला की प्राणवायूचा वापरही वाढत जातो, पण एका मर्यादेनंतर तो वाढायचा थांबतो, असे त्यांना आढळले. वेग आणखी वाढवता येतो, पण प्राणवायूचा पुरवठा वाढत नाही. त्यानंतरचे श्रम उसनवारीवर चालतात आणि ती उसनवारी थोड्याच मिनिटांत माणसाला थांबवते. स्नायूंवरील संशोधनासाठी हिलला १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले (ते प्रत्यक्षात १९२३ मध्ये जाहीर झाले).

या मर्यादेला आपण 'प्राणवायूची कमाल क्षमता' म्हणू. ती हृदयाच्या ताकदीवर, स्नायूंच्या वस्तुमानावर, फुफ्फुसांवर आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. व्यायामाने ती वाढते. वयाने, आजाराने आणि रक्तक्षयाने ती घटते.

हिमोग्लोबिनचा हिशोब विद्यार्थ्यांना सहज करता येईल. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर तेवढ्या रक्तातून जवळजवळ १९ मिलिलिटर प्राणवायू जाऊ शकतो. हिमोग्लोबिन ९ ग्रॅमवर आले, तर फक्त १२ मिलिलिटर. म्हणजे वाहतुकीच्या गाड्या एक तृतीयांशाहून अधिक कमी झाल्या. हृदय फेऱ्या वाढवून काही भरपाई करते, पण ती भरपाई म्हणजे हृदयावरचा जादा बोजाच.

मुंबईतला एक आकडा

कमाल क्षमतेपर्यंत माणूस काही मिनिटेच काम करू शकतो. मग आठ तासांच्या पाळीत, थकवा साचू न देता, तो क्षमतेच्या किती हिश्श्यावर काम करू शकेल? हा प्रश्न कारखान्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. पाश्चात्त्य देशांत त्याची उत्तरे तेथील उंचनिंच, भरपेट जेवणाऱ्या कामगारांवरून काढलेली होती. भारतीय कामगारासाठी हे काम मुंबईत शीव येथील सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधील साहा, दत्ता, बॅनर्जी आणि नारायणे या संशोधकांनी केले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा : दिवसभराचे काम कमाल क्षमतेच्या सुमारे ३५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये. त्या वेळी नाडी मिनिटाला ११० च्या आसपास असते आणि ऊर्जेचा खर्च मिनिटाला सुमारे १८ किलोज्यूल होतो.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेऊ. एक लिटर प्राणवायू वापरला की शरीरात साधारण २० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे १८ किलोज्यूलच्या कामाला मिनिटाला ०.९ लिटर प्राणवायू लागतो. ज्या तरुण कामगाराची कमाल क्षमता २.६ लिटर आहे, त्याला हे काम ३५ टक्क्यांचे. आता तेच काम ज्या स्त्रीची कमाल क्षमता १.४ लिटर आहे तिला द्या. तिच्यासाठी ते ६४ टक्क्यांचे होते. काम तेच, पण पहिला गप्पा मारत ते करील आणि दुसरीला दम लागलेला असेल.

श्रमाच्या तीव्रतेबद्दलची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. केवळ कामाकडे पाहून तीव्रता ठरवता येत नाही. काम आणि ते करणाऱ्याची कुवत, या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे तीव्रता. पुस्तकात 'मध्यम' म्हणून नोंदलेले काम एखाद्याच्या बाबतीत 'अतितीव्र' असू शकते.

डोक्यावरचा हंडा

ओझ्याच्या बाबतीतही भारतात चांगले काम झाले आहे. दत्ता आणि रामनाथन यांनी १९७१ मध्ये सपाट जमिनीवर ओझे नेण्याच्या सात पद्धतींची तुलना केली. पुढे-मागे वजन विभागणारी दुहेरी पिशवी सर्वांत स्वस्त पडली, तर दोन्ही हातांत ओझे धरून चालणे सर्वांत महाग. डोक्यावरचे ओझे दुहेरी पिशवीच्या बरेच जवळ होते. चुंबळ ठेवून हंडा डोक्यावर घेणाऱ्या आपल्या बायकांना हे न मोजताच ठाऊक होते.

१९८६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझे डोक्यावर घेऊनही त्यांचा प्राणवायूचा वापर वाढत नव्हता, असे त्यात दिसले. पुष्कळांनी यावरून असा सूर काढला की, या स्त्रियांना ओझ्याचे काहीच वाटत नाही. पण पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे : २० टक्क्यांच्या वर गेल्यावर खर्च ओझ्याच्या प्रमाणात वाढू लागतो. ४२ किलो वजनाच्या स्त्रीसाठी ही सवलत साडेआठ किलोंपाशी संपते. पंधरा लिटर पाण्याचा हंडा, भांड्याचे वजन सोडूनही, तिच्या वजनाच्या ३६ टक्के होतो. शिवाय हे प्रयोग सपाटीवरचे आहेत. सातपुड्यातल्या पायवाटेवर चढ असतो, आणि चढावर प्रत्येक किलो जमिनीपासून वर उचलावाच लागतो. त्यातून कोणत्याही कौशल्याने सुटका नाही.

बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर

येथवर आपण एका दिवसाच्या श्रमांचा विचार केला. श्रमांचा आयुष्यभराच्या आरोग्याशी संबंध जोडण्याचे काम मात्र शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी केले नाही, ते साथरोगतज्ज्ञांनी केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे प्रमाण वाढत होते. जेरेमी मॉरिस या डॉक्टराने लंडनच्या दुमजली बसगाड्यांकडे पाहिले. एकाच बसवर दोन माणसे, एकाच वस्तीत राहणारी, जवळपास सारखाच पगार घेणारी. ड्रायव्हर दिवसभर बसून असतो आणि कंडक्टर जिने चढत-उतरत असतो, रोज सुमारे ६०० पायऱ्या. १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मॉरिसने दाखवून दिले की, कंडक्टरांत हृदयविकार कमी होता आणि जो होता तो कमी घातक होता. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून व टेलिफोन ऑपरेटर यांच्यातही असाच फरक आढळला.

यावर शंका घेण्यास जागा होती आणि ती मॉरिसने स्वतःच घेतली. मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? १९५६ मध्ये त्याने गणवेश पुरवणाऱ्या विभागाच्या नोंदींवरून पँटच्या कंबरेची मापे तपासली. ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कंडक्टरांपेक्षा जाड होते! म्हणजे फरकाचे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. आपल्याच शोधाला छेद देऊ शकेल असा पुरावा शोधून तो प्रसिद्ध करणे, हा विज्ञानाच्या रीतीचा उत्तम नमुना वर्गात सांगण्याजोगा आहे.

अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर याने सॅन फ्रान्सिस्को बंदरातल्या ६,३५१ हमालांची माहिती २२ वर्षे गोळा केली. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जड काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू हलके काम करणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ निम्मे होते. पॅफेनबार्गरने एक गोष्ट आवर्जून नोंदवली होती : त्यांचे जड काम सलग नव्हते. जोराचे काम, मग थांबणे, मग पुन्हा जोराचे काम, अशा आवर्तनांत ते होत असे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण आपल्याला त्याकडे परत यायचे आहे.

जोराचा की बेताचा?

पुढे कामे यंत्रांकडे गेली आणि संशोधकांचे लक्ष फावल्या वेळातल्या व्यायामाकडे वळले. मॉरिसने १९६८ ते १९७० या काळात सुमारे १८,००० ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांची नोंद घेतली. हे सगळे टेबलाशी बसून काम करणारे मध्यमवयीन पुरुष. १९८० मध्ये आलेला निष्कर्ष असा की, पोहणे, जोरात सायकल चालवणे, मैदानी खेळ असा दम लागणारा व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी होते. बेताच्या हालचालींचा मात्र त्याला फारसा फायदा दिसला नाही. उलट पॅफेनबार्गरच्या हार्वर्ड विद्यापीठातील माजी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात (१९८६) आठवड्याला खर्च होणाऱ्या एकूण ऊर्जेला महत्त्व आले. चालणे, जिने आणि खेळ मिळून २,००० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक खर्च करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक कमी होते.

'जोराचा थोडा' की 'बेताचा जास्त' हा वाद बरीच वर्षे चालला. १९९५ मध्ये अमेरिकेतील दोन संस्थांनी मिळून 'बहुतेक दिवशी ३० मिनिटे मध्यम श्रम' असा सोपा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही पर्याय आहेत : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र, किंवा दोहोंचे मिश्रण, शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. एक मिनिट तीव्र म्हणजे ढोबळमानाने दोन मिनिटे मध्यम, असा हा विनिमयाचा दर आहे. तीव्र व्यायामाने कमाल क्षमता लवकर वाढते, मध्यम व्यायाम अधिक लोकांना झेपतो आणि टिकतो. आजवर काहीच न करणाऱ्याने थोडे सुरू केले, तर त्याला होणारा लाभ सर्वांत मोठा असतो.

हे सगळे ठीक. पण हे सल्ले ज्यांच्या अभ्यासांवरून निघाले, त्यांत खुर्चीवर बसणारा पुरुष फार मोठ्या संख्येने होता. डोंगर चढून पाणी आणणारी स्त्री त्यात नव्हती.

श्रमांचे कोडे

गेल्या काही वर्षांत हीच उणीव पुढे आली. डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, फावल्या वेळातला व्यायाम आणि कामावरचे कष्ट यांचे परिणाम सारखे नसतात. २०१८ मध्ये १७ अभ्यासांतील १ लाख ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करण्यात आली. कामावर भारी शारीरिक श्रम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला. स्त्रियांमध्ये असा वाढीव धोका दिसला नाही.

कारणे काय असावीत? संशोधक काही शक्यता मांडतात. व्यायाम अर्धा तास चालतो. त्यात नाडी चांगली वाढते, मग पूर्ण विश्रांती मिळते आणि त्या विश्रांतीतच शरीर स्वतःला सुधारून घेते. कष्टाचे काम सात-आठ तास चालते. ते क्षमता वाढवण्याइतके तीव्र नसते, पण नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढे ठेवण्याइतके असते. जड उचलणे आणि वाकून राहणे यांनी रक्तदाब आणखी चढतो. विश्रांती केव्हा घ्यायची हे काम करणाऱ्याच्या हातात नसते. थकवा उतरण्याआधी दुसरा दिवस उजाडतो.

तरीही हा निकाल अंतिम नाही. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १७ देशांतील सुमारे १ लाख ३० हजार लोकांवरचा 'प्युअर' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. त्यात कामावरच्या, प्रवासातल्या आणि घरातल्या हालचालींचाही फायदा दिसला. शिवाय भारी काम करणारा माणूस बहुधा गरीब असतो. त्याचे घर, आहार, तंबाखू, दवाखान्याचे अंतर हे सगळे निराळे असते. आकडेशास्त्राने हे घटक वेगळे काढण्याचा प्रयत्न होतो, पण ते पूर्णपणे वेगळे निघत नाहीत. मॉरिसच्या पँटच्या मापांची अडचण येथे पुन्हा भेटते.

मला या कोड्याचा अर्थ समजावताना अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीचे उदाहरण सोपे वाटते. ढोलाच्या तालावर तिथे रात्रभर नाच चालतो. नाचणाऱ्यांची नाडी मोजली तर ती पाणी भरणाऱ्या स्त्रीइतकी, कदाचित जास्तही भरेल. पण नाचणारा आपल्या मर्जीने फेरात शिरतो, दम लागला की बाहेर येतो, बसतो आणि मन झाले की पुन्हा शिरतो. बंदरातल्या हमालांची आवर्तने आठवा. हंडा घेऊन अर्ध्या टेकडीवर आलेल्या स्त्रीला असे बाहेर पडता येत नाही.

पुण्याजवळची सहा गावे

कष्टांचा परिणाम केवळ कष्ट करणाऱ्यावरच होतो असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास केला. या स्त्रियांची सरासरी उंची दीड मीटरच्या आसपास आणि वजन ४२ किलोच्या आसपास होते. बहुतेकींना घरकामाबरोबर शेतकामही होते. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्त्रियांच्या रोजच्या कामांची मोजदाद केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, गरोदरपणात ज्यांचे कष्ट जास्त, त्यांची बाळे सरासरीने लहान.

लहान बाळ ही केवळ पहिल्या वर्षाची चिंता नसते. कमी वजनाने जन्मलेल्या मुलांना प्रौढपणी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हे ब्रिटनमधील डेव्हिड बार्कर यांनी मांडले आणि पुण्याच्या कामाने त्याला भारतीय संदर्भ दिला. वजनाने कमी असलेल्या आपल्या नवजात बाळांत चरबीचे प्रमाण मात्र तुलनेने राखलेले असते, हे याज्ञिकांनी दाखवले. म्हणजे आईच्या ताटातला तुटवडा आणि तिच्या डोक्यावरचा भार यांचा हिशोब तिचे मूल चाळीस वर्षांनी चुकते करीत असते. लाव्हाझिएने विचारलेला जमाखर्चाचा प्रश्न दोनशे वर्षांनी पुन्हा समोर आला, आणि तोही दोन पिढ्यांच्या खातेवहीत.

सिकलसेल आणि धावपट्टी

नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षकांसाठी आणखी एक मुद्दा अत्यावश्यक आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, दर दहांतील सुमारे सात जण आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेलचे वाहक लक्षणीय प्रमाणात आढळतात. आईबापांपैकी दोघांकडूनही दोषयुक्त जनुक आले तर सिकलसेलचा आजार होतो. एकाकडूनच आले तर व्यक्ती वाहक असते. वाहक एरवी निरोगी असतो आणि पुष्कळदा आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते.

अमेरिकेच्या सैन्यात १९७७ ते १९८१ या काळात भरती झालेल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एक धक्कादायक गोष्ट आढळली. प्रशिक्षणातल्या श्रमांत अचानक, कारण न कळता झालेल्या मृत्यूंचे प्रमाण कृष्णवर्णीय वाहकांत वाहक नसलेल्या कृष्णवर्णीयांच्या सुमारे २८ पट होते (प्रसिद्धी १९८७). पट मोठी असली, तरी प्रत्यक्ष धोका एक लाख वाहकांमागे सुमारे ३२ एवढा, म्हणजे थोडा होता. तीव्र श्रम, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की स्नायूंतल्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकू लागतात.

यावर वाहकांना सैन्यातून वगळणे हा एक उपाय होता. दुसरा उपाय होता सर्वांसाठीच प्रशिक्षणाची रीत बदलणे : श्रम हळूहळू वाढवणे, पाणी पाजणे, उन्हात विश्रांती देणे. सैन्याने हा दुसरा मार्ग धरला. २०१६ मध्ये सुमारे ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांतील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. स्नायूंना होणाऱ्या गंभीर इजेचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे शिस्तशीर काळजी घेतली तर वाहकाला मैदान बंद करण्याचे कारण नाही, आणि काळजी सोडण्याचेही नाही.

पोलीस भरतीसाठी आपली मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याची तयारी करतात. महिनाभरावर भरती आली की एकदम जोर लावला जातो, तोही कधी उपाशीपोटी, कधी तापातून उठल्यावर. आपण या मुलांना तीन गोष्टी सांगू शकतो. वेग आठवड्या-आठवड्याने वाढवा. पाणी पिऊन धावा आणि भर उन्हात धावू नका. पाय एकदम गळून गेले, स्नायू दुखून आले, तर 'जिद्द' दाखवू नका. थांबा आणि सांगा. ज्याला सिकलसेलचा आजारच आहे, त्याचा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवायचा. वर्गात त्याला 'आळशी' म्हणू नये, हे वेगळे सांगायला नको.

वर्गात करून पाहण्यासारखे

तीव्रता मोजायला महागडी उपकरणे लागत नाहीत. मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. आधी स्वस्थ बसून मोजा, मग एकाच पायरीवर तीन मिनिटे एकाच ठेक्यात चढ-उतर करून लगेच मोजा, आणि पुढे दर मिनिटाला मोजत राहा. काम सगळ्यांना सारखेच दिलेले असूनही नाड्या निरनिराळ्या का आल्या? पूर्ववत व्हायला कोणाला दोन मिनिटे, कोणाला सहा मिनिटे का लागली? याचा आलेख काढला की कुवत आणि तीव्रता यांचे नाते विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र आजारी असलेल्या किंवा सिकलसेल असलेल्या मुलांना मोजणीचे आणि नोंदीचे काम द्यावे.

त्याहून सोपी कसोटी बोलण्याची. चालता चालता बोलता येते, पण गाता येत नाही, तर श्रम मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर श्रम तीव्र. मोठ्या विद्यार्थ्यांनी घरातल्या प्रत्येकाच्या एका दिवसाची नोंद या कसोटीने करावी : कोण किती तास मध्यम श्रम करतो, कोण किती तीव्र, आणि बसून विश्रांती कोणाला किती मिळते. तीन रकान्यांचा हा तक्ता पुष्कळ काही सांगून जाईल. शेवटचा रकाना आईच्या नावापुढे बहुधा रिकामा दिसेल.

धडगावच्या त्या गुरुजींना आज मी असे उत्तर देईन. गुरुजी, त्या बाईला व्यायाम कमी पडत नाही. तिचे श्रम तिच्या कुवतीच्या मानाने फार तीव्र आहेत, फार वेळ चालतात, आणि त्यांच्यामागे ना पुरेसे अन्न आहे, ना रक्त, ना विश्रांती. तिचे आरोग्य सुधारायचे तर नळ पाड्यापर्यंत यायला हवा, रक्तक्षयावर उपचार व्हायला हवेत आणि गरोदरपणात तिच्या डोक्यावरचा हंडा दुसऱ्या कोणीतरी उचलायला हवा. फळ्यावरची दीडशे मिनिटे तिच्यासाठी नव्हतीच. ती मोटारसायकलवरून शाळेत येणाऱ्या तुमच्यासाठी आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासाठी होती. लंडनच्या बसमधले ड्रायव्हर आपण आहोत.